काळ्या दगडाचा कस

सौंसरजवळच्या लोधीखेड्याच्या परिसरात नांगराला किंवा नाल्याच्या पात्रात काळा, जड दगड लागला की पहिला प्रश्न असतो, ‘याचे किती मिळतील?’ प्रश्न रास्त आहे, कारण हा मुलूख मँगनीजचा. इथल्या प्राचीन रूपांतरित खडकांना भूशास्त्रात ‘सौंसर गट’ असेच नाव आहे आणि त्यांतला मँगनीजचा पट्टा नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत जातो. पण किमतीआधी ओळख पटायला हवी, आणि त्या कामी काळा रंग हा सर्वांत कच्चा पुरावा.

हॉर्नब्लेंड, काळे टुरमलीन, गडद गार्नेट म्हणजे तामडा ही लोहयुक्त सिलिकेटे. ब्राउनाइट हे मँगनीजचे खनिज. त्यातही थोडी सिलिका असते. वरवर पाहता सारी सारखीच भासतात. म्हणून आधी कस पाहावा. फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासला की ब्राउनाइटची रेघ काळसर तपकिरी उमटते, हेमाटाइट या लोहखनिजाची लालसर. हॉर्नब्लेंडची रेघ फिकी पडते. तामडा आणि टुरमलीन तर फरशीलाच ओरखडतात. लोहचुंबक जोरात चिकटले तर मॅग्नेटाइट या लोहखनिजाची शक्यता मोठी.

मग वजन. दगड कोरडा तोलावा, नंतर दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवून तोलावा. 470 ग्रॅमचा दगड पाण्यात 370 भरला, तर घट 100; 470 भागिले 100 म्हणजे विशिष्ट गुरुत्व 4.7. हे ब्राउनाइटशी जुळते. हॉर्नब्लेंड आणि टुरमलीन 3 ते 3.4 च्या आसपास राहतात. तामडा मात्र 4 च्या वर जातो. तिथे पुन्हा कसच निवाडा करतो.

आता किंमत. अल्मंडाइन जातीच्या तामड्यात वजनाच्या सुमारे 33 टक्के लोह असते, तरी तो लोहखनिज म्हणून विकला जात नाही. लोह सिलिकेटात घट्ट बांधलेले असल्याने ते सोडवणे परवडत नाही. स्वच्छ, बिनतड्याचा खडा असेल तर रत्न, नाहीतर घासकामाची वाळू, एवढाच त्याचा बाजार. शुद्ध ब्राउनाइटमध्ये मात्र सुमारे 63 टक्के मँगनीज असते.

मँगनीजचीही सारी रूपे सारखी मोलाची नाहीत. फर्मर या भूशास्त्रज्ञाने गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ नाव दिलेला खडक मँगनीजयुक्त तामडा आणि गारगोटी यांचा असतो. त्यातले मँगनीजही सिलिकेटात अडकलेले, म्हणून भाव कमी. खनिजाचा दर टनावर आणि मँगनीजच्या टक्क्यावर ठरतो. सिलिका व फॉस्फरस वाढले की तो उतरतो. नागपूरला मुख्यालय असलेला भारतीय खाण ब्यूरो प्रतवारीनुसार सरासरी विक्रीदर जाहीर करतो.

म्हणून दगड सापडला तर तो फोडू नका. जागेची नोंद ठेवा आणि प्रयोगशाळेतून रासायनिक पृथक्करण करून घ्या. परवान्याशिवाय खनिज काढणे व विकणे 1957 च्या खाण कायद्याने गुन्हा आहे. पृथक्करणाचा कागद हाती नसताना कोणी सांगितलेल्या भावावर विश्वास ठेवू नका.