स्टॅफर्ड टेरेस, घर नंबर १८

लंडनच्या केन्सिंग्टन भागातल्या या घराच्या दारातून आत गेलं की आधी जाणवतो तो अंधार. खिडक्यांना रंगीत काचा, जिन्यावर गडद रंग. डोळे सरावायला थोडा वेळ द्यावाच लागतो. मग भिंती दिसू लागतात. खरं तर भिंती दिसतच नाहीत. फ्रेमला फ्रेम लागून चित्रं, छापील प्रती, फोटो, आणि वर फळीवर निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या बशा.

१८७५ साली लिनली सँबॉर्न आणि त्याची बायको मॅरियन इथे राहायला आले. तो 'पंच' या व्यंगसाप्ताहिकाचा चित्रकार. मुंबईत निघालेलं 'हिंदी पंच' याच साप्ताहिकाच्या धर्तीवरचं. एक पाय कैरोत आणि दुसरा केपटाउनमध्ये रोवून आफ्रिकेवर उभा असलेला सेसिल ऱ्होड्स इतिहासाच्या पुस्तकांत पुष्कळांनी पाहिला असेल. १८९२ चं ते चित्र सँबॉर्नचं.

माणूस हौशी, पण खिशाकडे बघून चालणारा. आधी लावलेल्या विल्यम मॉरिसच्या कागदावर पुढे सोनेरी उठावाचा, चामड्यासारखा दिसणारा महाग कागद आला, तो फक्त नजरेला पडेल तेवढ्या जागेत. चित्रांच्या मागे जुना मॉरिस तसाच राहू दिला. मला हे ऐकून फार जवळचं वाटलं. पाहुण्यांसाठी बैठकीची खोली सजवणारं आणि पै-पैचा हिशेब ठेवणारं घर आपल्याला अनोळखी नाही.

पण एवढं सगळं जागच्या जागी टिकलं कसं? सँबॉर्न १९१० साली गेला. मुलगा रॉय अविवाहित. तो १९४६ पर्यंत इथेच राहिला आणि त्याने जवळजवळ काहीच हलवलं नाही. पुढे मुलगी मॉड आणि मग नात ॲन यांनी ते जपलं. त्या काळात व्हिक्टोरियन म्हटलं की लोक नाक मुरडत. अशा वास्तू पाडल्या जात, सामान कवडीमोलाने जाई. ज्यांना याची हळहळ वाटत होती अशा मंडळींना ॲनने इथल्या दिवाणखान्यात बोलावलं, आणि १९५८ मध्ये व्हिक्टोरियन सोसायटीची पहिली सभा इथे भरली. कवी जॉन बेचमन आणि वास्तुइतिहासकार निकोलस पेव्ह्स्नर हे तिच्या संस्थापकांपैकी. १९८० मध्ये घर सार्वजनिक मालकीचं झालं.

दिवाणखाना सगळे बघतात. मी मात्र जास्त वेळ रेंगाळले ती न्हाणीघरात.

'पंच'च्या संपादक मंडळींचं जेवण बुधवारी होई आणि मुख्य चित्राचा विषय तिथेच ठरे. शुक्रवारी चित्र तयार हवं. घोडा, शिपाई, राजदंड हातात घेतलेला बादशहा, हे सगळं दोन दिवसांत अचूक काढायचं. सँबॉर्न तरुणपणी इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात आरेखक होता. अंदाजपंचे रेघ त्याला चालत नसे. म्हणून त्याने कॅमेरा धरला. बायको, मुलं, घोडागाडी हाकणारा, जो सापडेल त्याला उभं करायचं. कोणी नसलं की स्वतः वेष चढवून उभं राहायचं. छापायची रीत स्वस्त: लोहक्षार लावलेल्या कागदावर काचेची निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं, पाण्यात धुतलं की निळं चित्र उमटतं. धुण्याचं काम इथल्या संगमरवरी टबात चाले. असे हजारो फोटो त्याने जमवले.

त्यांतले काही मला खुपले. उतारवयात तो छुपा कॅमेरा घेऊन रस्त्यावरच्या तरुण मुलींचे, त्यांच्या नकळत फोटो काढत असे. कामाची गरज म्हणून ते पटत नाही. मॅरियनने वर्षानुवर्षं रोजनिशी लिहिली; घराचा खर्च, पाहुणे, आजारपणं यांनी ती भरलेली आहे. नवऱ्याच्या चित्रांइतकीच ती मला मोलाची वाटते.

ॲनचा मुलगा लॉर्ड स्नोडन पुढे नामवंत छायाचित्रकार झाला. त्याच्या पणजोबांचा टब अजून तिथेच आहे, थंडगार, पांढरा, आणि वरच्या भिंतीवर निळसर फोटो.