उमरग्याच्या उन्हात नेचा
घरातली हिरवाई : लेखांक ७

मागच्या आठवड्यातला मनी प्लांट कुठंही तगतो. आजचं झाड तसं नाही. रोपवाटिकेत ज्याला फर्न म्हणतात, तो आपला नेचा.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी हायवेलगतच्या एका रोपवाटिकेतून बोस्टन फर्न आणला. पाडव्यापर्यंत पानांची टोकं करपली आणि अक्षय तृतीयेला हात लावला तर फरशीवर नुसता भुगा पडला. पाणी तर मी रोज घालत होतो, तेही बोअरचं. चूक तिथंच होती.

आपल्याकडच्या एखाद्या जुन्या, पाणी असलेल्या आडात डोकावून पाहा. दगडांच्या सांध्यांत काळ्या, केसासारख्या बारीक देठांची नाजूक पानं लोंबताना दिसतील. तो हंसराज, नेच्याचाच भाऊबंद. वर चाळीस अंशांचं ऊन असतं, पण आत सावली असते, हवा दमट आणि वारा जवळजवळ नाही. मुळांशी चिमूटभर माती, तिला सतत ओल, पण पाणी साचत नाही. नेच्याला घरात नेमकं हेच द्यायचं असतं.

उन्हाळ्यात आपल्याकडं उष्म्याहून कोरडी हवा त्याला जास्त मारते. पान पातळ असल्यामुळं त्यातली ओल चटकन उडते. म्हणून कुंडी पंख्याखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीत नको. माठाच्या तिवईशेजारचा उजेडाचा कोपरा उत्तम. मोठ्या कुंडीत ओली वाळू घालून तिच्यात नेच्याची मातीची कुंडी बसवली की भोवतीची हवाही ओलसर राहते.

आता पाणी. बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीच्या काठावर पांढरे दिसतात. मुळांपाशीही ते तसेच साठतात आणि पानांची टोकं जळतात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची सवय चांगली, पण नेच्याला ते घालू नका; त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. कूलरच्या टाकीतल्या पाण्याचंही तेच. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी कॅनमध्ये भरून, झाकून ठेवा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं. बोट मातीत पेराएवढं खुपसून पाहावं आणि वरचा थर सुकू लागला की पाणी द्यावं.

काळी माती मात्र अजिबात नको. भिजली की चिकटते, वाळली की भेगाळते. कोकोपीट, कुजलेला पाला आणि विटांचे बारीक तुकडे पुरेत.

काही नेच्यांच्या पानांमागं तपकिरी ठिपके रांगेनं दिसतात. कीड समजून औषध मारू नका. ते बीजाणूंचे पुंजके आहेत. नेच्याला फूल नाही, बीही नाही. बीजाणूतून आधी नखाएवढा हिरवा पापुद्रा उगवतो आणि त्यावर नरपेशी पाण्याच्या थरातून पोहत स्त्रीपेशीकडं जाते. पाण्याविना या झाडाचा वंशच पुढं सरकत नाही.

लहान नेचा असेल तर लोणच्याची काचेची बरणीही चालेल. 1829 मध्ये लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवलेला दिसला. शहराच्या धुरात त्याचे नेचे मरत होते, बाटलीतला जगला. बरणीवर थेट ऊन तेवढं पडू देऊ नका.

आणि वैशाखात सगळी पानं वाळली, तरी कुंडी फेकू नका. वाळकी पानं मातीलगत कापा, माती ओलसर ठेवा. माझ्या कुंडीत मृगाच्या दुसऱ्या पावसानंतर लव असलेली तीन वेटोळी वर आली. आज तिच्यात एकोणीस पानं आहेत.