भट्टीची विद्या आणि लेसरचा प्रकाश

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यानंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी पुष्कळांना पुन्हा धूसर दिसू लागते. बसविलेल्या भिंगामागचे नाजूक पटल गढूळ झालेले असते. डॉक्टर ‘याग’ करून घेण्यास सांगतात आणि कोठेही सुरी न लावता काही मिनिटांत काम होते. या ‘याग’चा होमहवनाशी संबंध नाही. यिट्रियम, ॲल्युमिनियम आणि गार्नेट या इंग्रजी नावांची ती आद्याक्षरे होत. या पदार्थात निओडिमियमचा अल्प अंश मिसळला म्हणजे त्यातून लेसर किरण निघतो, हे अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये सिद्ध झाले. तेव्हापासून शस्त्रक्रिया, धातूची जोडणी, अंतरमापन अशा अनेक कामांत हा लेसर रुजला.

तथापि हा पदार्थ मिळविणे सोपे नाही. सुमारे १,९७० अंश सेल्सिअसला वितळलेल्या रसातून स्फटिक हळूहळू वर ओढावा लागतो. त्यासाठी लागणारे पात्र इरिडियम या अतिमहाग धातूचे असते. स्फटिक वाढण्याचा वेग तासाला मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतका. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीसाठी अखंड तीन आठवडे! शिवाय निओडिमियमचा अणू यिट्रियमहून मोठा असल्याने वाढता स्फटिक त्याला सुखासुखी सामावून घेत नाही. शेकडा एकाच्या आसपास प्रमाण गेले की अडचणी सुरू होतात.

मग भुकटी दाबून, कपबशीप्रमाणे भट्टीत भाजून हा पदार्थ का करू नये? प्रश्न साधा होता. परंतु भाजलेला पदार्थ असंख्य दाण्यांचा आणि सांध्यांचा बनलेला, तेव्हा त्यात प्रकाश विखुरणारच, असा समज दृढ झाला होता. वास्तविक दोष सांध्यांचा नव्हता. यागची अंतर्रचना अशी आहे की, प्रकाशाला त्यात सर्व दिशा सारख्याच. त्यामुळे दाणे कसेही वळलेले असले तरी बिघडत नाही. खरा शत्रू म्हणजे दाण्यांमध्ये अडकलेली पोकळी. हजारात एक भाग पोकळी उरली तरी पदार्थ धुरकट दिसतो. लेसरसाठी हे प्रमाण दहा लाखांत मोजक्या भागांपर्यंत खाली आणावे लागते.

ही पोकळी घालविण्याची प्रक्रिया म्हणजे सिंटरिंग. तीत भुकटी वितळत नाही. उष्णतेने कणांच्या पृष्ठावरील अणू सरकू लागतात, दोन कण टेकतात तेथे मान धरते, ती रुंदावते आणि मधली पोकळी आक्रसते. पोकळीची बाहेर पडण्याची वाट दाण्यांच्या सांध्यांतून जाते. एखादा दाणा शेजाऱ्यांना गिळून भराभर वाढला की पोकळी त्याच्या पोटात कोंडते. मग कितीही आच दिली तरी ती सहजी निघत नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कोबल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ॲल्युमिनात किंचित मॅग्नेशिया मिसळून ही घाई रोखली. रस्त्यावरच्या सोडियम दिव्यांतील प्रकाशनळी त्यातूनच निर्माण झाली. १९७३ मध्ये त्याच कंपनीत यिट्रियाच्या सिरॅमिकमधून लेसरही निघाला. पण स्फटिकाची जागा त्याला घेता आली नाही.

ती कोंडी १९९५ मध्ये जपानच्या अकिओ इकेसुए यांनी फोडली. स्फटिकाच्या तोडीचा लेसर त्यांनी सिरॅमिक यागमधून काढून दाखविला. ते ज्या क्रोसाकी कंपनीत काम करीत होते, तिचा मुख्य धंदा पोलादाच्या भट्ट्यांसाठी अग्निरोधक विटा करण्याचा होता! त्यानंतर पुढचे पाऊल टाकणारी कोनोशिमा केमिकल ही कंपनीही बांधकामाचे साहित्य आणि मॅग्नेशियमची रसायने तयार करणारी. प्रकाशाचे शास्त्र तिने तोक्योतील विद्यापीठाच्या प्राध्यापकांकडून घेतले. भुकटीचे शास्त्र तिचे स्वतःचे होते.

त्या भुकटीचा कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतो. कण जितका बारीक, तितकी त्याची एकमेकांत मुरण्याची ओढ अधिक. पण हाच गुण अवगुणही ठरतो. पिठल्यात गुठळ्या व्हाव्यात तशा या कणांच्या गुठळ्या होतात आणि दोन गुठळ्यांमधली मोठी पोकळी भट्टीतून तशीच बाहेर येते. म्हणून क्षारांच्या द्रावणातून साका पाडावयाचा, गाळावयाचा, पुन्हा पुन्हा धुवावयाचा, वाळवून सुमारे १,२०० अंशांवर भाजावयाचा, दिवसभर घोटावयाचा आणि कपबशा करणारे वापरतात तसल्याच प्लास्टरच्या साच्यात ओतावयाचा. मग निर्वात भट्टीत सुमारे १,७५० अंशांवर पाच ते वीस तास. साका धुण्यात आळस झाला तर त्याची शिक्षा भट्टीत मिळते, आणि ती बहुधा दुरुस्त करता येत नाही.

या धीमेपणाचे फळ मोठे होते. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने २००७ मध्ये दहा सेंटिमीटर चौरस आणि दोन सेंटिमीटर जाड अशा पाच सिरॅमिक पाट्या वापरून क्षणकाळ ६७ किलोवॅट शक्तीचा लेसर मिळविला. स्फटिकातून एवढ्या आकाराच्या निर्दोष पाट्या काढणे अतिशय कठीण. त्या प्रयोगाचा हेतू लष्करी होता, हेही विसरता येत नाही. जी भुकटी उद्योगाच्या उपयोगी पडते तीच अस्त्राच्याही. निवड माणसाची असते.

या कथेतून घ्यावयाचा बोध मात्र वेगळा आहे. लेसरचे भौतिकशास्त्र अनेक देशांना ठाऊक होते. अडले ते घोटणे, धुणे आणि भाजणे यांपाशी, म्हणजे ज्याला आपल्याकडे कारागिरी म्हणून दुय्यम स्थान दिले जाते तेथे. खुर्ज्याची भांडी आणि मोरबीच्या फरशा यांमागे या देशातही भट्टीचे अमाप ज्ञान साठलेले आहे. ते आणि विद्यापीठातले भौतिकशास्त्र एका टेबलाशी क्वचितच बसतात. त्याहून चिंतेची गोष्ट वर्गातली. साका धुण्याचा कंटाळा म्हणून अपेक्षित उत्तरावरून आकडे मागाहून वहीत भरणारा विद्यार्थी आणि ते पाहूनही सही करणारा शिक्षक, दोघेही एकच शिकवण पक्की करतात: हाताचे काम हे नाममात्र, खरे ज्ञान पुस्तकात.

पुस्तकातले ज्ञान कोणालाही विकत घेता येते. निर्दोष भुकटी मात्र कोणाच्या तरी हातांनीच सिद्ध व्हावी लागते. ते हात घडविण्याची जागा प्रयोगशाळेतली साधी गाळणी आहे, आणि तेथे दाखविलेला प्रामाणिकपणा हीच पुढच्या प्रकाशाची पहिली पायरी होय.