तणनाशकांचे मृदेतील अपघटन

तणनाशकांचे मृदेतील अपघटन : तणांच्या नाशासाठी वापरलेल्या रसायनांचे मृदेत साध्या व बहुधा कमी विषारी संयुगांत रूपांतर होण्याची क्रिया. तणनाशकाचा परिणाम पीकवाढीच्या आरंभीचे काही आठवडे टिकावा. परंतु पुढील पिकास अपाय होईल इतका अवशेष उरू नये, हे या क्रियेच्या वेगावर अवलंबून असते.

अपघटन मुख्यत्वे सूक्ष्मजीवांमुळे होते. २, ४–डी या तणनाशकातील कार्बनावर काही जीवाणू वाढतात. ओलसर, उबदार मृदेत त्याचे प्रमाण सु. १० दिवसांत निम्मे होते. ॲट्राझिनास यासाठी सु. ६० दिवस लागतात. स्यूडोमोनस प्रजातीतील काही जीवाणू त्यातील नायट्रोजन वापरतात. जलीय विच्छेदन व पृष्ठभागावरील सूर्यप्रकाशाची क्रिया यांमुळेही अपघटन होते.

ओल पुरेशी असल्यास तापमान १०° से. ने वाढले की, ठराविक मर्यादेपर्यंत, अपघटनाचा वेग सु. दुप्पट होतो. त्यामुळे उष्ण कटिबंधात तणनाशके लवकर नाहीशी होतात, असा समज आहे. तो पावसाळ्यापुरता बव्हंशी खरा आहे. उन्हाळ्यात मृदा कोरडी पडल्यावर सूक्ष्मजीवांचे कार्य मंदावते व अवशेष टिकून राहतात. म्हणून समशीतोष्ण देशांत मोजलेली अर्धायुष्ये येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

मृदेचा प्रकारही महत्त्वाचा असतो. दख्खनच्या काळ्या जमिनी बहुधा अल्कधर्मी असतात. त्यांत सल्फॉनिल यूरिया गटातील तणनाशकांचे जलीय विच्छेदन अम्लीय जमिनींपेक्षा सावकाश होते. कोकणातील जांभ्या जमिनींत लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे ग्लायफोसेट घट्ट धरून ठेवतात. चिकणमातीच्या कणांना चिकटलेले पॅराक्वाट अनेक वर्षे टिकते. मात्र त्या स्थितीत ते वनस्पतींना सहसा अपायकारक नसते.

अपघटनापूर्वीच निचऱ्याबरोबर खाली गेलेले तणनाशक भूजलात मिसळते. अशा प्रदूषणामुळे यूरोपीय संघाने २००४ मध्ये ॲट्राझिनाची मान्यता नाकारली. मका, ज्वारी किंवा ऊस यांना दिलेल्या ॲट्राझिनाच्या अवशेषांमुळे नंतरच्या कडधान्यांची व भाजीपाल्याची रोपे पिवळी पडून करपतात. शिफारशीपेक्षा अधिक मात्रा न देणे, शेणखत घालून व ओल राखून सूक्ष्मजीवांना पोषक स्थिती निर्माण करणे आणि शंका असल्यास शेतातील माती कुंडीत भरून तीत काकडीसारख्या संवेदनशील पिकाचे बी उगवून पाहणे, हे यावरील सोपे उपाय होत.