कुंड्या आधी, पाकिटं नंतर

दिवाळीचे कंदील उतरतात, त्याच सुमाराला मुंबईच्या उपनगरांत भाजी लावण्याचा सर्वांत सोयीचा हंगाम सुरू होतो. पाऊस थांबलेला असतो, ऑक्टोबरचा उकाडा ओसरू लागतो आणि मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो, वांगी, मिरची या सगळ्यांना मानवणारे तीन-चार महिने समोर असतात. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत गच्चीवर, बाल्कनीत किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये ज्यांना पहिल्यांदाच भाजी लावायची असते, त्यांची पहिली खरेदी बहुधा एकच असते: बियाण्यांचा संच. तीस-चाळीस प्रकारच्या चिमुकल्या पुड्या एका डब्यात, किंमत काही शे रुपये आणि वर ब्रोकोलीचं छायाचित्र. स्वस्तात पुष्कळ मिळाल्यासारखं वाटतं. या लेखाचं म्हणणं असं, की नवख्या बागवानाला हीच खरेदी सर्वांत महाग पडते. बियाण्यांचं अंदाजपत्रक रुपयांपासून सुरू करू नये. ते आधी कुंड्यांत आणि उन्हाच्या तासांत मांडावं. तसं मांडलं की रुपयांचा आकडा फारसं डोकं न लढवता आटोक्यात राहतो.

भाजीच्या बागेविषयी वाचायला मिळणारा बराचसा सल्ला ज्या जागेसाठी लिहिलेला असतो, ती जागाच आपल्याकडे नसते. ब्रिटनमध्ये नगरपालिका नागरिकांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे, म्हणजे ‘अलॉटमेंट’, भाड्याने देतात. १९०८ च्या कायद्याने त्या पद्धतीला भक्कम आधार दिला आणि तिथला रूढ तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा असतो. एवढ्या जागेत वीस-पंचवीस भाज्यांची यादी शोभते. घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या घराला मिळणारं ग्रिल एखाद-दीड चौरस मीटरचं. आणि त्यातही जागेपेक्षा ऊन तोकडं. उन्हाचं मोल मांडणारे श्री. अ. दाभोलकर कोल्हापूरचे, गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने आणि ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकाने शेतीकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी महाराष्ट्राला दिली. पिकाचं उत्पन्न पानांनी किती ऊन पकडलं यावर ठरतं, हा त्या मांडणीचा गाभा. उपनगरातल्या माणसाला हे फार नेमकं लागू पडतं. फळभाजीला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाजी तीन-चार तासांत भागवते. शिवाय मुंबई १९ अक्षांशावर असल्यामुळे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि मे-जूनमध्ये थेट डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला. म्हणजे डिसेंबरात ज्या दक्षिणेच्या खिडकीत टोमॅटो मजेत पिकतो, तीच खिडकी मे महिन्यात वरच्या मजल्याच्या स्लॅबच्या सावलीत जाते. समोर नवा टॉवर उभा राहत असेल, तर हिशेब आणखी बदलतो. एकाच वेळी वर्षभराचं बियाणं घेणारा माणूस हे गृहीतच धरत नाही.

या शहरात खरोखर पोटासाठी भाजी पिकवणारे काय पेरतात, ते लोकलच्या दारातून दिसतं. रुळांच्या कडेची मोकळी जमीन भाजी लावण्यासाठी आपल्या कर्मचाऱ्यांना देण्याची रेल्वेची ‘अधिक धान्य पिकवा’ योजना जुनी आहे. आपल्याकडे अलॉटमेंटच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था हीच. त्या मळ्यांना दिल्या जाणाऱ्या पाण्यावरून वाद झाले आहेत आणि त्या वादात तथ्यही आहे, पण इथे प्रश्न पिकांच्या निवडीचा आहे. पालक, लाल माठ, मेथी, मुळा, जोडीला भेंडी. बस्स. यादी एवढी आखूड असण्याचं कारण कल्पनेचा अभाव हे नव्हे. महिन्याभरात कापणीला येणारी, दाट पेरता येणारी आणि बियाणं किलोने मिळणारी ही पिकं आहेत. एक वाफा कापला की पुन्हा पेरायचा. थोडे प्रकार आणि पुष्कळ पेरण्या हे ज्यांचं पोट त्या वाफ्यावर असतं त्यांचं गणित आहे. हौशी माणूस नेमकं उलट करतो.

आता आकडे. समजा मुलुंडच्या एका कुटुंबाकडे गच्चीत दहा ग्रो बॅगा आणि चार पसरट ट्रे ठेवण्याची परवानगी आहे. बारा इंच रुंद, बारा इंच उंच अशा एका बॅगेत साधारण २० लिटर माती बसते आणि टोमॅटो, वांगं, मिरची यांचं एकेकच झाड तीत सुखाने वाढतं. म्हणजे दोन टोमॅटो, दोन वांगी, दोन मिरच्या, तीन भेंड्या, एक वाल, की दहा बॅगा भरल्या. आता एक ग्रॅम टोमॅटोच्या बियाण्यात जवळपास तीनशे बिया असतात आणि वांग्याच्या दोनशेच्या वर. दोन झाडांसाठी पाकीट घेणं म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांचं बियाणं एकदम घेणं. त्यापेक्षा रोपवाटिकेतून दोन तयार रोपं घ्यावीत. एका रोपाला दहा रुपये धरले, तरी टोमॅटो-वांगी-मिरचीची सहा रोपं साठ रुपयांत होतात आणि वर महिन्याभराचा वेळ वाचतो. उलट भेंडी, वाल, चवळी, दुधी, काकडी यांच्या बिया मोठ्या असतात. भेंडीच्या ग्रॅमला पंधरा-वीस भरतात, दुधीच्या जेमतेम पाच-सहा. यांची मुळं पुनर्लागवड फारशी सोसत नाहीत, म्हणून त्या जागेवरच टोकाव्यात. पाकीट घ्यायचं ते यांचं. आणि तिसरा मार्ग किराणा दुकानाचा. मेथी, धणे, मोहरी, अख्खी चवळी ही स्वयंपाकघरातली बियाणीच आहेत. एका ट्रेला दहा ग्रॅम मेथी, म्हणजे पाचेकशे दाणे, पुरते. दर पंधरा दिवसांनी एक ट्रे पेरला तरी पाव किलो मेथी हंगामाअखेर उरते. धणे पेरण्याआधी हलक्या हाताने रगडून त्यांच्या दोन फाकी कराव्यात, कारण एका धण्यात दोन बिया असतात. पाव किलो मेथी, पाव किलो धणे, सहा रोपं, भेंडी, वाल, पालक आणि माठाची मिळून चार पाकिटं, पाकिटामागे चाळीस रुपये. सगळी बेरीज सव्वातीनशेच्या पुढे जात नाही. बॅगा, कोकोपीट आणि विकतचं खत यांवर मात्र दोन-अडीच हजार सहज जातात.

मग यावर कोणी म्हणेल, की बियाणं एकूण खर्चाच्या आठव्या हिश्शाइतकंच असेल, तर त्यात एवढी काटकसर कशाला? शंभर रुपयांचं जास्त घेतलं, डब्यात पडून राहील, पुढच्या वर्षी वापरू. कोरड्या हवेच्या गावात हा युक्तिवाद चालला असता. अमेरिकेतले बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी साठवणीचे काही ढोबळ नियम घालून दिले, ते आजही वापरात आहेत. बियांतला ओलावा एका टक्क्याने कमी झाला की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरलं तरी तसंच. आणि फॅरेनहाइटमधलं तापमान व हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज शंभराच्या आत हवी. जुलैतल्या मुंबईची बेरीज करून पाहा: ८१ आणि ८५, म्हणजे १६६. स्वयंपाकघराच्या फळीवर उघडं राहिलेलं पाकीट एका पावसाळ्यात किती खचतं, याचा यावरून अंदाज यावा. म्हणून उपनगरात ‘शिल्लक’ बियाणं ही बचत ठरत नाही. त्यातलं बरंचसं पुढच्या दिवाळीपर्यंत मेलेलं असतं. ज्यांना ते टिकवायचंच आहे त्यांनी नीट सुकवून, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावं. आणि जुनं बियाणं मातीत घालण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. पाचच उगवल्या तर दुप्पट पेरायच्या, दोनच उगवल्या तर पाकीट फेकायचं. फुकट जाणारा महिना पाकिटापेक्षा महाग असतो, विशेषतः जिथे हिवाळाच तीन महिन्यांचा.

पाकिटावरची किंमत वाचण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचावीत. १९६६ चा बियाणे कायदा आणि १९६८ चे नियम यांनुसार पाकिटावर पीक, वाण, लॉट क्रमांक, तपासणीची तारीख, उगवणशक्ती आणि शुद्धता या गोष्टी असायला हव्यात. प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी असते आणि तिची मुदत तपासणीपासून नऊ महिने. उगवणीची किमान मर्यादा टोमॅटो-वांग्याला ७० टक्के, भेंडीला ६५, मिरचीला ६०. म्हणजे कायद्याने उत्तम ठरलेल्या शंभर मिरच्यांतल्या चाळीस न उगवल्या तरी दुकानदाराशी भांडता येत नाही. बहुप्रकारी संचांत बहुतेकदा यातलं काहीच छापलेलं नसतं: फक्त ‘भेंडी’, वाण कोणता ते देव जाणे. अशा पुडीचा भाव कितीही कमी असो, आपण काय घेतलं हेच ठाऊक नसेल तर पुढच्या वर्षी काय टाळायचं हेही कळत नाही.

संकरित वाणांबद्दलचा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. संकरित बियाणं महाग असतं, पण जास्त पिकतं; मग जागा कमी असताना तेच का घेऊ नये? शेतकऱ्याच्या बाबतीत हे बरोबर आहे. त्याला एकसारखा, एकाच वेळी तयार होणारा, वाहतुकीत टिकणारा माल हवा असतो. घराला टोमॅटो एकदम दहा किलो नको असतात, आठवड्याला चार हवे असतात. शिवाय २० लिटर माती आणि चार-पाच तास ऊन ही मर्यादा असताना संकराची ताकद पुरती वापरलीच जात नाही. पैसे द्यावेत ते रोगप्रतिकारासाठी. भेंडीचं सर्वांत मोठं दुखणं पिवळा केवडा; त्याला दाद न देणारा ‘परभणी क्रांती’ हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सरळ वाण आहे, संकरित नाही. आणि मुंबईसारख्या दमट हवेसाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे वाण आधी पाहावेत: कारल्याचा ‘कोकण तारा’, शिराळ्याचा ‘कोकण हरिता’, मिरचीचा ‘कोकण कीर्ती’, वालाचा ‘कोकण भूषण’. आपल्याच हवेत निवडले गेलेले हे वाण सोडून परदेशी छायाचित्रांच्या पाकिटाला तिप्पट पैसे देणं मला तरी समजत नाही.

सरळ वाणांचा आणखी एक फायदा हिशेबाच्या पुढच्या ओळीत दिसतो. टोमॅटो, वाल, चवळी बव्हंशी स्वपरागित. त्यांचं बी धरलं तर पुढच्या वर्षी बहुधा तसंच झाड येतं. भेंडीत थोडी सरमिसळ होते, तीही घरच्या ताटाला चालण्यासारखी. काकडी, दुधी, भोपळा यांचं परागण मधमाश्या करतात. शेजारी दुसरं वाण असेल तर काय निपजेल सांगता येत नाही. बाजारातल्या टोमॅटोचं बी पेरण्याचा सल्लाही याच कारणाने अर्धवट आहे. ते फळ बहुधा संकरित झाडाचं असतं आणि त्याची पुढची पिढी आईबापांसारखी एकसारखी येत नाही. बी धरण्या-वाटण्याला कायद्याची आडकाठी नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, बदलण्याचा, देण्याचा हक्क स्पष्टपणे दिला आहे. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं जपण्यासाठी. त्यांच्या बियाणे बँकेची रीत अशी, की घेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट परत करायचं. बोरिवलीतल्या एखाद्या सोसायटीत पाच घरांनी एकेक पाकीट घेऊन हीच रीत पाळली, तर टोमॅटोच्या तीनशे बियांचं करायचं काय, हा प्रश्नही सुटतो.

राहता राहिला मोठा खर्च, मातीचा. तो खाली आणण्याचा मार्ग याच शहरात दाखवला गेला आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यातून माती तयार करून भाजी-फळांची बाग उभी केली. आज मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवण्याची सक्ती आहे, आणि त्यातून निघणारं खत अनेक ठिकाणी न्यायला कोणी नसतं. सचिवांना विचारून दोन गोणी मागाव्यात.

एवढं सगळं करून भाजी बाजारापेक्षा स्वस्त पडते का, हा शेवटचा प्रश्न. फळभाजी पहिल्या वर्षी तरी पडत नाही. कोथिंबीर आणि मेथी पडते, कारण पावसाळ्यात जुडीचा भाव चढतो आणि घरी हवी तेवढीच चिमूट तोडता येते. बाकीचा खर्च हौसेचा आहे आणि तो हौसेचा म्हणूनच वेगळा लिहावा. ब्रोकोली, लेट्यूस, झुकिनी यांपैकी हंगामाला एकच पाकीट, एकच बॅग. ब्रोकोलीला गड्डा धरायला थंडी लागते आणि मुंबईत ती जानेवारीत काही आठवडेच मिळते, हे लक्षात ठेवून ते घ्यावं, आणि रोपं ऑक्टोबरच्या अखेरीस तयार असावीत. जूनमध्ये ते पाकीट कितीही सवलतीत मिळालं, तरी दुकानातच राहू द्यावं.