विश्लेषण : कोड पुण्यात, मुख्यालय कॅलिफोर्नियात... स्टार्टअप अमेरिकेत का जातात?

पुण्यात २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रुवा’ या डेटा सुरक्षा कंपनीचे मुख्यालय आज कॅलिफोर्नियात आहे. चेन्नईत २०१० मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्रेशवर्क्स’चेही तसेच. या कंपन्यांचे अनेक इंजिनीअर मात्र भारतातच काम करतात. मग स्थलांतर नेमके कोणाचे झाले?

डेव्हलपर जातात की कंपनी?

पूर्वीचा मार्ग ठरलेला होता : पदवी, आयटी कंपनीत नोकरी आणि मग एच-१बी व्हिसा. या व्हिसाची वार्षिक मर्यादा ८५ हजार आहे आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशातून येणाऱ्यांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर केले. स्टार्टअपमध्ये मात्र डेव्हलपर इथेच राहतात. संस्थापक आणि विक्रीची टीम तिकडे जाते.

विक्रीसाठी तिकडे का?

मोठी कंपनी सॉफ्टवेअर एका क्लिकवर घेत नाही. डेमो, सुरक्षा तपासणी, कायदेशीर करार, बजेटची मंजुरी यात काही महिने जातात. अमेरिकेतील ग्राहकाचा कामाचा दिवस म्हणजे पुण्यातली रात्र. त्यामुळे विकणारा माणूस तिथेच लागतो.

खर्च कशावर होतो?

फ्रेशवर्क्सचा महसूल २०२३ मध्ये सुमारे ५९.६ कोटी डॉलर होता. त्या वर्षी विक्री आणि मार्केटिंगवरील खर्च संशोधन-विकासापेक्षा जास्त होता. सिडनीत २००२ मध्ये सुरू झालेली ‘अटलासियन’ उलट मार्गाने वाढली. कमी किंमत, मोफत चाचणी आणि थेट वेबसाइटवरून खरेदी, म्हणून सुरुवातीला विक्रीची फौज लागली नाही. पण ग्राहकाला न समजावताही वापरता येईल, असे उत्पादन असेल तरच हे जमते.

तरुण इंजिनीअरने काय पाहावे?

ग्राहकाशी बोलणारी टीम दूर असली, की काय बनवायचे हेही तिकडेच ठरू लागते. इथल्या डेव्हलपरच्या हाती फक्त कामांची यादी येते. त्यामुळे मुलाखतीत पगाराबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, इंजिनीअर ग्राहकांच्या कॉलवर असतात का? दुसरी, शेअर म्हणजेच ईसॉप किती आणि किती वर्षांत हाती येतात? फ्रेशवर्क्स सप्टेंबर २०२१ मध्ये नॅस्डॅकवर आली, तेव्हा भारतातील ५०० हून अधिक कर्मचारी कोट्यधीश झाले, ते या शेअरमुळेच. कोडिंग येते आणि ग्राहकाशी बोलताही येते, अशांसाठी ‘सेल्स इंजिनीअर’ हा पर्यायही खुला आहे.