टीव्हीवरचा खेळ आणि दुकानदाराच्या गळ्यातला माल

नव्वदच्या दशकात बीडच्या बाजारात रेडिओ, टेपरेकॉर्डर व घड्याळांच्या काचपेटीत एक नवी वस्तू येऊन बसली. वायर टीव्हीला जोडायची, खाचेत कॅसेट बसवायची आणि रिमोटची बटणे दाबायची. लोक तिला 'व्हिडिओ गेम' म्हणत. विकत घेणारे थोडे आणि खेळणारे पुष्कळ, म्हणून कित्येकांनी ती तासाच्या भाड्याने चालवली. माल मुंबईहून येई. बीड शहरात तेव्हा रेल्वे नव्हती, त्यामुळे खोकी ट्रान्सपोर्टने येत. पैसे रोख, आणि न खपलेला नग परत घेण्याची बोली क्वचितच असे.

ही शेवटची बाब किरकोळ वाटते. पण आम्ही या धंद्याचा इतिहास पाहिला तेव्हा दिसले, की न खपलेला माल कोणाच्या गळ्यात पडायचा, याच प्रश्नावर हा उद्योग एकदा बुडाला आणि पुन्हा उभा राहिला.

टीव्हीवर खेळ खेळण्याची कल्पना अमेरिकेतील अभियंते राल्फ बेअर यांनी १९६६ मध्ये कागदावर उतरवली. तिच्यावरून मॅग्नाव्हॉक्स कंपनीने १९७२ मध्ये 'ओडिसी' हे यंत्र बाजारात आणले. त्यात आवाज नव्हता, गुण मोजण्याची सोय नव्हती. मैदानाचे चित्र म्हणून पारदर्शक प्लास्टिक टीव्हीच्या काचेवर लावायचे. कंपनीने ते फक्त आपल्याच विक्रेत्यांकडे ठेवले. परिणामी, हे यंत्र मॅग्नाव्हॉक्सच्याच टीव्हीवर चालते, असा अनेक गिऱ्हाइकांचा समज झाला. वस्तू नवी, पण विक्रीची रीत चुकली.

अटारी कंपनीने १९७५ च्या नाताळात घरगुती 'पाँग' सीअर्सच्या दुकानांतून विकला आणि बाजार उघडला. पुढच्याच वर्षी जनरल इन्स्ट्रुमेंटने असे अनेक खेळ एकाच चिपमध्ये बसवून ती चिप वाटेल त्याला विकायला सुरुवात केली. मग काय, ज्याच्याकडे डाग देण्याची कांडी तो कारखानदार! १९७७ पर्यंत एकसारख्या यंत्रांचा ढीग झाला व अनेकांनी तोट्यात माल काढून अंग काढून घेतले.

तोवर दुसरी युक्ती निघाली होती. फेअरचाइल्ड कंपनीने १९७६ मध्ये, जेरी लॉसन या अभियंत्यांच्या देखरेखीखाली, बदलता येणाऱ्या कॅसेटचे यंत्र आणले. १९७७ मध्ये अटारीने तेच केले. कंदील एकदाच विकायचा, रॉकेल वारंवार. अटारीचे चार प्रोग्रामर १९७९ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी 'अ‍ॅक्टिव्हिजन' काढून अटारीच्या यंत्रासाठी स्वतःच कॅसेट विकल्या. अटारी कोर्टात गेली, १९८२ मध्ये तडजोड झाली, आणि रॉकेल विकण्याची मुभा सर्वांनाच मिळाली. ओट विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेदेखील गेमचे खाते उघडले!

माल वाढला, दर्जा घसरला. 'ई. टी.' चित्रपटावरचा गेम सुमारे पाच आठवड्यांत उरकून १९८२ च्या नाताळासाठी बाजारात टाकला. सुमारे १५ लाख कॅसेट खपल्या, त्याहून अधिक पडून राहिल्या. दुकानदार परतीचा माल घेऊन लहान कंपन्यांकडे गेले, तर त्यांच्याकडे परत द्यायला पैसा नव्हता. मग ३५-४० डॉलरची कॅसेट ५ डॉलरच्या टोपलीत पडली, आणि टोपली समोर असताना चांगली कॅसेट पूर्ण किमतीला कोण घेणार? एके काळी बीडच्या चामडी छागलीचा मोठा लौकिक होता. गळकी छागल गिऱ्हाईक सरळ कारागिराच्या पुढ्यात आणून टाकू शके. इथे कारागीर पुढ्यात नव्हता. शिव्या दुकानदाराने खाल्ल्या. १९८३ मध्ये अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरला. २०१४ मध्ये तो उकरल्यावर त्यात 'ई. टी.'सुद्धा सापडला.

जपानच्या निन्टेन्डोने १९८३ मध्ये मायदेशी 'फॅमिकॉम' काढला होता. १९८५ मध्ये त्याचे बदललेले रूप घेऊन तिचे लोक न्यूयॉर्कला गेले, तेव्हा पोळलेले दुकानदार ऐकून घेईनात. तेव्हा कंपनीने बोली केली: विकेल त्याचेच पैसे द्या, उरलेले आम्ही परत नेऊ. यंत्रात कुलपासारखी चिप बसवली, त्यामुळे परवान्याशिवाय कॅसेट चालेना. परवानेवाल्याला वर्षाला पाचच गेम काढता येत. कॅसेट निन्टेन्डोच बनवणार व पैसे आगाऊ घेणार. दुकानदाराच्या गळ्यातला धोंडा असा गेम बनवणाऱ्याच्या गळ्यात गेला. पुढे हीच कंपनी मुजोर झाल्याची ओरड झाली आणि किमती बांधून ठेवल्याच्या आरोपावरून १९९१ मध्ये अमेरिकेत तिला तडजोड करावी लागली, हेही नमूद केले पाहिजे.

जपानी फॅमिकॉममध्ये मात्र ते कुलूप नव्हते. म्हणून त्याच्या नकला सोप्या झाल्या आणि आपल्याकडे बहुतांश त्याच आल्या. अस्सल माल परवडत नव्हता: शॉ वॉलेसने १९९५ मध्ये सेगाचे यंत्र भारतात आणले ते १८,००० रुपयांना. नकलेच्या कॅसेटवर '९९९९ गेम' छापलेले असे. आत मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. पोरे एका दुपारीत ते मोजून काढत आणि बाप दुकानात येई.

रोजी मिळाली ती मिस्त्रींना. अ‍ॅडॅप्टरची तुटलेली वायर, रिमोटमधले झिजलेले रबर, ५ व्होल्टचा ७८०५ रेग्युलेटर, ही कामे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातची होती. कॅसेट चालेना की पोरे तिच्यात फुंकर मारत. तोंडाच्या दमटपणाने पत्र्या उलट खराब होत. मिस्त्री साध्या खोडरबराने त्या घासून देत. काळ्या डांबरी थेंबाखालची मुख्य चिप गेली, तर मात्र इलाज नसे. ते यंत्र सुट्या भागांच्या डब्यात जाई आणि त्याचा अ‍ॅडॅप्टर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामी येई.